पार्सनिपची पेरणी: तारीख बाजूला ठेवा, माती बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: थंडी पुरती ओसरायच्या आत पार्सनिप (गाजरासारख्या पांढरट मुळाची भाजी) पेरलं, तर दोन महिने वाफ्यात तणाशिवाय काही दिसलं नाही. मग ट्रेमध्ये रोपं करून लावली. ती जगली, पानंही झकास आली, पण काढल्यावर बघतो तर एकेकाला तीन-तीन, चार-चार पाय फुटलेले. बियांचं अर्धं पाकीट अजून शिल्लक आहे. यंदा पेरायचं कधी आणि कसं?

शेवटापासून सुरुवात करते. ते अर्धं पाकीट विसरा. टोमॅटोचं बी चार वर्षं कपाटात राहिलं तरी उगवतं, गाजराचं दोन-तीन वर्षं तग धरतं. पार्सनिपचं बी मात्र एका हंगामाचं पाहुणं. दुसऱ्या वर्षी त्याची उगवण इतकी घसरते की, पेरणारा स्वतःलाच दोष देत बसतो. मी कितीतरी लोकांना 'आमच्याकडे पार्सनिप होत नाही' असं म्हणताना ऐकलंय. चौकशी केली की निम्म्या वेळा जुनं बी निघतं. फेकवत नसेल तर परीक्षा घ्या. डब्यात ओला टिशू पेपर अंथरा, त्यावर २० बिया ठेवा, झाकण लावून घरातल्या उबेला तीन आठवडे राहू द्या. १२-१३ बियांना मोड आले तर दाट पेरून वापरता येईल. चार-पाचच फुटल्या तर वाफा अडवून ठेवण्यात अर्थ नाही. ताजं बीसुद्धा काही शंभर टक्के उगवत नसतं. दहातली तीन-चार वाया जाणार असं धरूनच मी पेरते.

हे बी एकदा तळहातावर घेऊन नीट बघा. पापडाच्या तुकड्यासारखं चपटं, कडेला पातळ पंखासारखी झालर, आणि पाठीवर उभ्या तपकिरी रेघा. त्या रेघा म्हणजे तेलाच्या बारीक नळ्या. बी चुरडलं की जो उग्र वास येतो तो तिथलाच. पार्सनिप हे गाजर, कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांच्या कुळातलं आहे, हे नाकाला लगेच कळतं. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर अर्धं फळ असतं आणि खरं बी त्याच्या आत दडलेलं असतं. इतकं हलकं की वाऱ्याच्या दिवशी पेरायला बसलात तर निम्मं शेजारच्या वाफ्यात जाईल. शिंक आली तरी जातं. म्हणून पेरणीचा दिवस निवडताना पहिली अट: वारा पडलेला हवा.

आता 'कधी' याकडे वळू. ब्रिटनमध्ये पार्सनिप फार जुन्या काळापासून लावतात. तिथल्या पारंपरिक सल्ल्यात पेरणीचा महिना फेब्रुवारी असायचा, आणि तो सल्ला बियांच्या पाकिटांवरही वर्षानुवर्षं तसाच छापला गेला. त्यामागचा विचार असा की या पिकाला वेळ लागतो, तेव्हा जितकं लवकर तितकं बरं. विचार चूक नाही. पण बियाला महिन्याचं नाव वाचता येत नाही. त्याला कळते ती मातीची ऊब आणि ओल. पार्सनिपचं बी किती तापमानाला किती दिवसांत उगवतं याची मोजणी झालेली आहे आणि तिचे आकडे मी पाठच करून ठेवलेत. माती शून्य अंशाला असेल तर १७२ दिवस. ५ अंशाला ५७ दिवस. १० अंशाला २७. १५ अंशाला १९. २० अंशाला १४. २५ अंशाला १५, म्हणजे तिथून पुढे गणित उलटं फिरायला लागतं. ३० अंशाला पुन्हा ३२ दिवस, आणि ३५ अंशाला एकही नाही.

तुमच्या पहिल्या पेरणीचं काय झालं ते या आकड्यांतच आहे. पाच अंशाच्या मातीत बी दोन महिने नुसतं भिजत पडतं. ते मोजमाप स्वच्छ, नियंत्रित जागेतलं. बागेतल्या थंड चिखलात तेवढ्या दिवसांत बुरशी लागते, किडे लागतात, पावसाने वरची माती दगडासारखी घट्ट बसते. म्हणून बी उशिरा उगवत नाही, ते कुजतं. ही चूक मीही केली आहे. एका वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस चार दिवस छान ऊन पडलं आणि मला राहवलं नाही. एक पूर्ण रांग पेरली. सात आठवड्यांनी तिथे अकरा रोपं होती, तीही एकीकडे गोळा झालेली. दरम्यान चिडून शेजारीच त्याच पाकिटातली दुसरी रांग पेरली होती. तोवर माती बऱ्यापैकी उबदार झालेली. ती अठराव्या दिवशी सरळ रेघेत वर आली. काढणीच्या वेळी दोन्ही रांगांतल्या मुळांत आकाराचा फरक दिसला नाही. उलट पहिल्या रांगेतल्या मुळांच्या खांद्यांवर, म्हणजे पानांखालच्या रुंद भागावर, काळपट डाग होते, दुसरी रांग स्वच्छ होती. त्यानंतर मी पहिल्या उन्हाला भुलणं सोडलं.

म्हणून माझा नियम असा: मातीत ५ सेंटिमीटर खोल साधा थर्मामीटर खुपसायचा, सकाळी बघायचं, आणि सलग आठवडाभर ८ ते १० अंशांच्या खाली आकडा गेला नाही की पेरायचं. १२ असेल तर उत्तम. थर्मामीटर नसेल तर तणाकडे बघा. वाफ्यात तणाची हिरवी लव फुटायला लागली म्हणजे मातीला जाग आली आहे. थंड, समशीतोष्ण मुलखात हा मुहूर्त वसंताच्या मध्यावर येतो. अजून घाई असेल तर पेरणीआधी दोन-तीन आठवडे वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरून ठेवा, माती एक-दोन अंश लवकर तापते आणि पावसाच्या पाण्याने गारठतही नाही.

जिथे हिवाळा सौम्य आणि उन्हाळा कडक, तिथे हा सगळा हिशोब उलटा मांडायचा. तिथे पार्सनिप वसंतात पेरलं तर ऐन वाढीच्या वेळी उन्हाची तलखी सुरू होते. म्हणून तिथे उन्हाळा आणि पाऊस सरल्यावर, माती २५ अंशांच्या खाली उतरायला लागली की पेरायचं आणि गारव्याचे महिने वाढीला द्यायचे. या बाबतीत लोक घाई करतात ती दुसऱ्या टोकाची: माती अजून तापलेली असतानाच पेरतात. ३० अंशाला ३२ दिवस हे आकडे आठवा. त्या ३२ दिवसांत वरची माती सतत ओली ठेवणं कोणाला जमणार?

शेवटची तारीख कोणती, हेही आकड्यावरूनच काढा. पेरणीपासून धड मूळ हाती यायला चार ते पाच महिने लागतात. तुमच्याकडे वाढीचा हंगाम जिथे संपतो तिथून मागे मोजत या. हंगामाच्या सुरुवातीला पेरलेलं मोठं होतं, उशिरा पेरलेलं सडपातळ राहतं. पण सडपातळ मुळांना खांद्याचा रोग कमी होतो. घरापुरतं लावणाऱ्याने उशिराला फार घाबरू नये.

आता पाय फुटण्याबद्दल. पार्सनिप म्हणजे एकच सोटमूळ. उगवताना ते आधी खाली धावतं, वर येण्याची त्याला घाई नसते. वर दोन कोवळी पानं दिसतात तेव्हा खाली मूळ त्याच्या कितीतरी पट खोल गेलेलं असतं. ट्रेच्या कप्प्यात ते चार-पाच दिवसांत तळाला टेकतं, वळतं, किंवा त्याचं टोक वाळतं. टोक गेलं की आजूबाजूची दोन-चार उपमुळं 'आता मी पुढे होते' म्हणत जाड व्हायला लागतात. झाले पाय तयार. नंतर जमिनीत कितीही जपून लावा, फाटा फुटायचा तो ट्रेमध्येच फुटलेला असतो. तेव्हा पार्सनिपची रोपं करून लावायची नाहीत, थेट जागेवर टोकायची. यावर एक पळवाट आहे, ती पुढे सांगते.

तेच टोक खड्याला अडलं, ढेकळाला अडलं, कडक थराला अडलं तरी परिणाम तोच. म्हणून वाफा एक ते दीड फूट खोल मोकळा हवा. दगडगोटे वेचून काढा. मागच्या वेळी काढलेल्या रोपांची जाड मुळं राहिली असतील तर तीही. ताजं शेणखत तर अजिबात घालू नका. ताज्या खताच्या गोळ्यापाशी पोचलं की मूळ तिथेच फांद्या करून बसतं, आणि नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. मागच्या हंगामात ज्या वाफ्याला भरपूर खत दिलं होतं तो वाफा पार्सनिपला द्यावा, म्हणजे नवं काही घालावं लागत नाही. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७ च्या आसपास बरा. फार आम्ल जमिनीत खांदे सडण्याची तक्रार वाढते. माझी जमीन मुळात चिकण. पहिली काही वर्षं मी हट्टाने तशीच खणत राहिले आणि दर वर्षी वेडीवाकडी मुळं काढत राहिले. शेवटी दीड फूट उंचीचा गादीवाफा केला आणि प्रश्न मिटला.

जमीन फारच खडकाळ किंवा चिकण असेल आणि गादीवाफा करणं जमत नसेल तर प्रदर्शनात मुळं मांडणाऱ्या लोकांची युक्ती वापरा. पहार जमिनीत दोन-तीन फूट खोल ठोकायची आणि वरचं टोक गोल फिरवून शंकूच्या आकाराचं भोक पाडायचं. त्यात चाळलेली माती, वाळू आणि जुनं कुजलेलं कंपोस्ट यांचं मिश्रण भरायचं, हलकं दाबायचं, आणि वर तीन बिया टोकायच्या. मूळ त्या साच्यात सरळ उतरतं. दहा-बारा मुळांसाठी ही मेहनत ठीक. शंभरांसाठी करू नका, पाठ बोलायला लागते.

पेरणीचा दिवस. माती वापशावर हवी: मुठीत दाबली की गोळा व्हावा, आणि बोटाने टोचलं की तो फुटावा. चिखल असेल तर थांबा. दाताळ्याने वरचा दोन इंचांचा थर रव्यासारखा बारीक करा. दोरी लावा. खुरप्याच्या टोकाने दीड सेंटिमीटर खोल रेघ ओढा. हलकी जमीन असेल तर दोन सेंटिमीटर चालेल, भारी असेल तर एकच. दोन रांगांत ३० सेंटिमीटर अंतर.

आता लक्ष द्या, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. पाणी पेरणीनंतर द्यायचं नाही, आधी द्यायचं. झारीने ती रेघ भिजवा, पाणी मुरू द्या, पुन्हा एकदा भिजवा. मग त्या ओल्या तळावर बी ठेवायचं आणि वरून कोरडी, भुसभुशीत माती ओढायची. त्यामुळे बियाला खालून ओल मिळते आणि वरच्या मातीवर पाणी न पडल्याने ती घट्ट होत नाही. पेरून झाल्यावर वरून पाणी ओतलं की बारीक माती आधी चिखल होते, ऊन लागलं की तिची खपली बनते. पार्सनिपचा कोंब दुबळा. घेवड्याचा कोंब खपली फोडून वर येतो, हा बिचारा तिच्याखाली वाकडा होऊन मरतो. जमीन चिकण असेल तर बियावर माती घालूच नका. चाळलेलं कंपोस्ट, जाडसर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) घाला. शिवाय त्या वेगळ्या रंगाच्या पट्ट्यामुळे रांग कुठे आहे ते महिनाभर दिसत राहतं.

बी सलग भुरभुरायचं नाही, टोकायचं. दर १५ सेंटिमीटरवर तीन-चार बिया, एकमेकींपासून सुटसुटीत. मोठी मुळं हवी असतील तर २० सेंटिमीटर, लहान कोवळी हवी असतील तर १० पुरे. बी पातळ असल्यामुळे मातीला नीट चिकटलं पाहिजे, म्हणून माती ओढल्यावर दाताळ्याच्या पाठीने हलकेच थोपटा.

दोन टोकणींच्या मधल्या जागेत मुळ्याच्या एक-दोन बिया टाका. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो आणि रांग दाखवतो, म्हणजे तुम्ही खुरपताना पार्सनिपच्या डोक्यावर खुरपं घालत नाही. शिवाय महिनाभरात मुळा काढूनही होतो. काढताना हिसका देऊन उपटू नका. शेजारी पार्सनिपची कोवळी मुळं असतात. एका हाताने माती दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने मुळा फिरवत ओढायचा.

मग वाट बघणं. दोन ते चार आठवडे धरून चाला. या काळात वरचा थर एकदाही पूर्ण वाळता कामा नये. बी फुगतं, आतून हलतं, आणि त्याच वेळी एक दुपार कोरडी गेली की संपलं. मी रांगेवर ओलं गोणपाट टाकून ठेवते. ते असलं की ओल टिकते, खपली धरत नाही, आणि पाणी गोणपाटावरच शिंपडता येतं. फक्त दहाव्या दिवसापासून रोज सकाळी ते उचलून बघायचं. पहिला वाकडा पांढरा कोंब दिसला त्याच दिवशी गोणपाट काढायचं. एक दिवस जरी उशीर केला तरी कोंब तागात अडकतात आणि गोणपाटाबरोबर उपटून येतात.

राहवत नसेल तर रांगेच्या शेवटची एक टोकणी उकरून बघा. ती मी त्यासाठीच राखीव ठेवते. दात कोरायच्या काडीने माती बाजूला केली की बी सापडतं. फुगलेलं आणि टणक असेल तर जिवंत आहे, थांबा. एका टोकाला पांढरं टिंब दिसलं तर आठवडाभराचा प्रश्न. बोटात चिरडून चिखल झाला तर ती रांग गेली, लगेच पुन्हा पेरा.

उगवलेलं रोप ओळखणंही शिकावं लागतं. पहिली दोन पानं लांबट, अरुंद, पट्टीसारखी. त्यांच्याकडे बघून हे गवतच आहे असं वाटतं आणि नवखा माणूस स्वतःच्या हाताने पीक उपटून टाकतो. त्यानंतरचं पान गोलसर, कडेला दातेरी. ते आलं की शंका राहत नाही. तोपर्यंत फक्त रांगांच्या मधलं तण काढा, रांगेतलं राहू द्या.

आता ती पळवाट. बागेत बी उगवण्याची वाट बघण्याऐवजी त्याला घरातच मोड आणता येतात. डब्यात ओला टिशू पेपर, त्यावर बी, वर झाकण, १८ ते २० अंशांची ऊब. सातव्या-आठव्या दिवसापासून रोज बघायचं. पांढरं मूळ दिसलं की ते २-३ मिलिमीटरचं असतानाच पेरायचं. ५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की ते टिशूत रुततं, काढताना मोडतं, आणि मोडलं की पुन्हा पाय फुटायचे. चिमट्याने बियाच्या अंगाला धरून उचलायचं, मुळाला हात लावायचा नाही. आधी भिजवलेल्या रेघेत, दर १५ सेंटिमीटरवर दोन-दोन ठेवायचं, वर हलकं कंपोस्ट. खूप बी असेल तर कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून, पूर्ण गार करून पातळ खळ करा, त्यात मोड आलेलं बी हलक्या हाताने मिसळा. मग ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून कोपरा कापा आणि रेघेत पिळत जा. मोड न आलेल्या बिया आधीच बाजूला पडल्यामुळे नांग्या, म्हणजे रांगेत रिकाम्या जागा, पडत नाहीत. ज्यांच्याकडे बी नेहमी दगा देतं त्यांना मी हीच पद्धत सांगते.

काही लोक पुठ्ठ्याच्या लांब नळीत कंपोस्ट भरून त्यात बी लावतात आणि नळीसकट जमिनीत पुरतात. होतं तेही, पण अट कडक आहे: मूळ नळीच्या तळाला टेकायच्या आत लावलं पाहिजे, म्हणजे जेमतेम पहिलं खरं पान दिसताना. पुठ्ठ्याची वरची कड जमिनीच्या वर राहू देऊ नका, ती हवेत वाळते आणि आतली ओल शोषून घेते. मी दोनदा करून बघितलं, मग सोडून दिलं. मोड आणून पेरणं सोपं वाटलं.

रोपं ५-६ सेंटिमीटर उंच झाली की विरळणी. प्रत्येक टोकणीत एकच ठेवायचं, जोमाचं. बाकीची उपटायची नाहीत. उपटताना राहिलेल्याचं मूळही हलतं. कात्रीने जमिनीलगत कापा. कापलेली पानं तिथेच टाकू नका. त्या वासाने गाजरमाशी येते. ती नुसती गाजराची वैरी नव्हे, पार्सनिपलाही लागते. तिच्या अळ्या मुळाच्या सालीखाली तपकिरी बोगदे करतात. औषधापेक्षा बारीक जाळी बरी. पेरल्याबरोबर वाफा झाकायचा, कडा मातीत दाबायच्या. कडा उघड्या ठेवून वर जाळी टाकणं म्हणजे दार उघडं ठेवून खिडकीला कडी लावणं.

नांगी पडलीच तर दुसरीकडचं रोप उपटून तिथे लावू नका. पुन्हा बी टोका, किंवा ती जागा सोडून द्या.

आणि हातमोजे. ही गोष्ट मी हसण्यावारी नेली होती. पार्सनिपच्या पानांच्या आणि देठांच्या रसात फ्युरॅनोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. रस कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते, अगदी खरोखरच्या चटक्यासारखी. लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होतं, मग फोड येतात. एका भर दुपारी मी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून मोठी पानं कापत बसले होते. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर पट्टे उठले, आणि त्यांचे तपकिरी डाग कित्येक महिने राहिले. तेव्हापासून विरळणी आणि पानांची कामं संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून. रस लागलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो भाग उन्हापासून झाका. लहान मुलांना त्या पोकळ देठांशी खेळू देऊ नका.

एकदा रोपं वीतभर झाली की पार्सनिप फार काही मागत नाही. पाणी बेताचं पण नियमित. आधी बरेच दिवस कोरडं ठेवून मग एकदम पाट सोडलात तर मुळं उभी तडकतात. कोरड्या काळात दहा दिवसांतून एकदा खोल पाणी दिलं की पुरतं. रोज वरवर शिंपडलं तर मूळ खाली जायचं कारणच उरत नाही. पानांवर फिकट, फुगलेले चट्टे दिसले तर ती पान पोखरणारी अळी. चट्टा बोटांच्या चिमटीत दाबा, हातमोजे घालूनच, आणि पुढे चला.

खांद्यांवरचे नारिंगी-तपकिरी किंवा काळे डाग म्हणजे कँकर. बुरशीचा रोग आहे. खांद्याला जखम झाली, तडा गेला, गाजरमाशीने कुरतडलं की तिथून आत शिरतो. म्हणून मुळांजवळ खुरपं चालवायचं नाही, तण हाताने काढायचं, आणि खांदे उघडे पडले तर त्यांवर माती ओढायची. लागल्यावर उपाय नाही. वाण निवडतानाच काळजी घ्या: एव्हनरेझिस्टर, ग्लॅडिएटर, जॅव्हलिन हे या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात. टेंडर अँड ट्रू हा जुना, लांब मुळांचा आणि चवीला सरस. मला स्वतःला स्टुडंट या वाणाचं कौतुक आहे, ते त्याच्या गोष्टीमुळे. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरच्या शेतकी महाविद्यालयात जेम्स बकमन या प्राध्यापकांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस रानटी पार्सनिपचं बी पेरलं, दर पिढीत चांगली मुळं निवडत गेले, आणि १८६० मध्ये त्यातून हा वाण बाजारात आला. रानातलं काटकुळं मूळ दहा-बारा वर्षांत वाफ्यातलं झालं, तेही नुसत्या निवडीने. जमीन उथळ असेल तर लांब वाणाच्या मागे लागू नका, आखूड आणि रुंद खांद्यांचा वाण घ्या.

काढणीची घाई नाही. पानं पिवळी पडून मेली तरी मूळ जमिनीत सुखरूप असतं. थंडी पडली की मुळातला पिष्टमय भाग साखरेत बदलतो आणि चव गोड होते, म्हणून थंड मुलखात दोन-चार वेळा दहिवर गोठल्याशिवाय काढत नाहीत. जमीन गोठून टणक होत असेल तर रांगेवर वाळल्या गवताचं जाड आच्छादन टाका आणि रांगेच्या टोकांना काठ्या रोवा, नाहीतर पानं गेल्यावर रांग सापडत नाही. जिथे दहिवर गोठत नाही तिथे मूळ अंगठ्यापेक्षा जाड झालं की लागेल तसं काढा, चव थोडी कमी गोड असेल इतकंच. काढताना पानं धरून ओढू नका. फावडं रांगेपासून वीतभर दूर, उभं, खोल घाला आणि माती सैल झाली की मग मूळ उचला. पुढचा वसंत लागून नवे कोंब फुटायच्या आत सगळी मुळं निघाली पाहिजेत, कारण पार्सनिप हे द्विवर्षायू आहे. एकदा डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, चढायला लागला की मुळाचा गाभा लाकडासारखा होतो.

सगळी काढा म्हटलं, पण चार-पाच उत्तम, सरळ मुळं तिथेच ठेवा. तुमच्या अर्ध्या पाकिटाचा प्रश्न तिथे सुटतो. दुसऱ्या वर्षी ती पाच फुटांपर्यंत वाढतात, पिवळ्या फुलांच्या छत्र्या धरतात, आणि त्यांवर इतके कीटक येतात की बाकीच्या बागेचंही भलं होतं. सगळ्यात आधी फुलणाऱ्या, मधल्या मोठ्या छत्रीचं बी सर्वांत टपोरं, तेच धरा. तपकिरी झालं की छत्री कापून कागदाच्या पिशवीत घाला, हातमोजे घालूनच. वाण संकरित असेल तर या खटाटोपात पडू नका, पुढची पिढी तशी निघत नाही. जवळपास रानटी पार्सनिप फुलत असेल तरीही नको, कीटक दोघांचं लग्न लावून देतात.

एका वर्षी माझी एक छत्री कापायची राहिली आणि बी जागेवरच सांडलं. पुढच्या हंगामात, मी थर्मामीटर बाहेर काढायच्याही आधी, त्या झाडाखाली वीस-पंचवीस रोपं दाटीने उभी होती. मी कात्री आणली, पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर एकेक ठेवून बाकीची कापली, आणि त्या वर्षी तिथे रांग आखली नाही.